टक्क्या

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणार. आमचा उंब्रजला आहे. पुण्याच्या कंपनीचं काम कोरोनापासून घरूनच करतो. डोक्यावर केस भरपूर. टक्क्या हे नाव पडलं ते टक्केवारीवरून.

परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या ताटाकडं बघून म्हणाला, "डावी बाजू सगळी लाल." मला वाटलं ठेचा सांडला. तर मीठ, लिंबू, कोशिंबीर यांना मी हात लावला नव्हता, एवढाच अर्थ. "कव्हरेज साठ टक्के," त्यानं निकाल दिला. कव्हरेज म्हणजे मोबाइलची रेंज, अशी त्याच्या आईची समजूत. पोरगं दिवसभर त्याच काळजीत असतं म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माडीवर चांगलं येतंय की!"

त्याच्या तावडीत सापडलो ती चूक माझीच. एका दूध डेअरीच्या बिलांचा माझा पायथनमधला प्रोग्रॅम होता, टेस्टही लिहिल्या होत्या. त्या कोडच्या किती ओळींवरून धावतात, ते मोजणारं साधन बसवून दे, असं त्याच्या माडीवर जाऊन म्हणालो. बसलं दोन मिनिटांत. आकडा आला ८२, न धावलेल्या ओळी लाल. मी चहा सांगितला.

टक्क्याच्या कपाळाला आठी. "टेस्टच्या फाइलीपण मोजल्यास लेका. पोरांच्या निकालात मास्तरला धरलं तर टक्का चढणारच." त्या वगळल्या. ४७. मग म्हणाला, नुसत्या ओळी मोजून भागत नाही, फाटेही मोजायचे. 'इफ' खरं ठरलं तेव्हा काय झालं ते तपासलंस. खोटं ठरलं तर? "फाट्यावरनं दर वेळी पाटणकडं वळतोस. चाफळकडं कधी गेलास?" आमच्याकडं फाट्यावर मारणं याचा अर्थ निराळा आहे, तो मी मनातल्या मनात अमलात आणला. ३९.

जावास्क्रिप्टवाल्यांकडं याच कामाच्या साधनाचं नाव इस्तंबूल आहे. कव्हरेज म्हणजे झाकणं, झाकायला गालिचा, गालिचे तुर्कस्तानचे, असा त्या नावाचा प्रवास. आपल्याकडं झालं असतं तर सोलापूर म्हणाले असते, असं मी सुचवलं. टक्क्या हसला नाही. विनोदाचं कव्हरेज शून्य.

रात्री नवाला मी एका हट्टी फंक्शनपुढं 'प्राग्मा नो कव्हर' अशी टीप टाकली. ती टाकली की तेवढा भाग हिशेबातूनच गळतो. एकादशीला अंडं खाताना धरल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ही पळवाट आहे. लाल आहे ते लाल दिसू दे."

मीही चिडलो. "ओळीवरून टेस्ट धावली म्हणजे ओळ तपासली का? देवळावरनं एसटी गेली, झालं दर्शन?"

"नाही झालं," तो म्हणाला, आणि काहीच न तपासणाऱ्या माझ्या चार टेस्ट त्यानं काढून दाखवल्या. त्याच्या हापिसात त्याच्याबरोबर डबा का कोणी खात नसे, ते तेव्हा कळलं. पण कबूल करायला हवं: त्या हट्टी फंक्शनच्या लाल फाट्यात, ज्या दिवशी शेतकऱ्यानं दूध घातलंच नाही, त्या दिवशीही आदल्या दिवशीचे लिटर लावणारी चूक निघाली. ती मला सहा महिने दिसली नव्हती. त्यानं ती कोणालाही सांगितली नाही.

निघताना भिंतीवरच्या फळ्याकडं लक्ष गेलं. समर्थांचे अकरा मारुती. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, बहे, शिराळा, पार कोल्हापूरकडचे मनपाडळे आणि पारगावसुद्धा मोटरसायकलवरून गाठलेले. खाली हिशेब: १० पैकी १०, शंभर टक्के.

"अकराचे दहा कसे रे?"

राहिलेला मारुती उंब्रजचाच. घरापासून चार मिनिटांवर. रिटायर झाल्यापासून अण्णा, त्याचे वडील, रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. गेल्या श्रावणापर्यंत.

टक्क्या लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला. फळ्यावर उंब्रजच्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्राग्मा नो कव्हर.

लाल दिसू दे की, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी खाली हाक मारून आणखी दोन चहा सांगितले.