उणेकाका

"एक चाय, अदरक, माइनसचीनी."

अमौसी मेट्रो स्टेशनाखालच्या टपरीवरचा पोरगा हे ऐकून आता हसतही नाही. त्याने मुकाट्याने साखरेचा डबा मागे सरकवला. दचकलो मी, कारण हा आवाज आला म्हणजे अर्धा तास गेला. वळून पाहिलं तर तेच.

"काय करून राहिला बे? पान अर्धंच काऊन दिसून राहिलं तुझं?"

माझ्या मोबाइलवरचं पान पूर्ण दिसत होतं. पण ते पूर्ण दिसतंय याची खात्री पटायला काकांना त्यात आठ मिनिटं बोटं घालावी लागली.

असे एक काका तुमच्याही सोसायटीत आहेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. बोलावलं नाही तरी येतात आणि आल्या आल्या "सरक" म्हणतात. आमचे काका नागपूरचे. नोकरीने लखनौला आणून टाकलं, निवृत्तीनंतर अमौसीच्या अलीकडे घर बांधलं, आणि डोक्यावरून विमानं जात असताना ते खाली लोकांचे ब्राउझर दुरुस्त करत राहिले. चाळीस वर्षांत त्यांचं हिंदी सुधारलं नाही आणि नागपुरी बिघडली नाही.

उणेकाका हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं. सर्चमध्ये एखादा शब्द नको असेल तर त्याच्याआधी उणेचं चिन्ह टाकायचं, हा शोध त्यांना कधीतरी लागला आणि माणूस त्यात वाहून गेला. चिन्ह आणि शब्द यांच्यात फट ठेवायची नाही, ठेवली की नियम लागू होत नाही. म्हणून काका बोलतानाही फट ठेवत नाहीत. भाजीवाल्याला "माइनसकरेला", न्हाव्याला "माइनसमालिश". दिवाळीत आमच्या घरी फोन येतो, "फराळ पाठव, उणेअनारसे." बायको हटकून अनारसेच जास्त पाठवते.

त्यांचं निदान मात्र अचूक असतं, हा खरा वैताग. एकदा पहाटे पाचला मला मुंबईचं विमान गाठायचं होतं आणि चेक-इनच्या पानावर 'पुढे जा'चं बटणच सापडेना. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर, बटण मात्र कुठेच नाही. काका लुंगीवर आले. "पान किती टक्के मोठं केलंस बे?" आदल्या रात्री आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून मीच ते दुप्पट केलं होतं. बटण पडद्याबाहेर जाऊन बसलं होतं. काकांनी कंट्रोल आणि शून्य दाबलं, बटण हजर. "प्रवास सुखाचा, उणेसामान," म्हणत गेले. वीस किलोची बॅग त्यांनी दारातच पाहिली होती.

त्यांचा क्रम ठरलेला. पान वेडंवाकडं दिसलं की आधी खाजगी खिडकीत उघडायचं. तिथे नीट दिसलं तर दोष पानाचा नाही, तुझ्या साठवणीचा. ब्राउझर जुने तुकडे जपून ठेवतो आणि नव्या पानाला जुने कपडे चढवतो. "साफ कर! हिस्टरी साफ, साठवण साफ! काय जपून राहिला?" हे वाक्य त्यांनी कुणाच्या तेराव्यालाही म्हटलं असेल. तरीही पान उघडलं नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून लाल पाटी आली, तर घड्याळ बघायचं. संगणकाच्या पोटातली बटण-बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि आजची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात.

आमच्या मंडळाच्या गणपतीचं पत्रक एकदा वेबपानावर चढवलं, तर मराठीच्या जागी किडे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चार पायांचं एक गोल चिन्ह, मधूनच जपानी येन, अशा ओळीच्या ओळी. अध्यक्षांना वाटलं, कुणी हॅक केलं. काकांनी लांबूनच सांगितलं, "अक्षरं बरोबर आहेत बे, वाचणारा चुकून राहिला." मजकूर यूटीएफ-८ मध्ये होता आणि ब्राउझर तो युरोपी लिपी समजून वाचत होता. पानाच्या डोक्यावर एक ओळ घातली आणि गणपती परत मराठीत आले. त्या वर्षीच्या आभारप्रदर्शनात काकांचं नाव राहून गेलं. "उणेआम्ही," ते म्हणाले, आणि पुढे तीन वर्षं म्हणत राहिले.

सर्च करायला शिकवणं हा तर त्यांचा धर्म. इथले लोक त्या चौकोनाशीही अदबीने बोलतात, 'कृपया बताएँ' असं लिहितात. काका ओरडतात, "अर्ज करून राहिला का? तीन शब्द टाक!" ज्याने उत्तर लिहिलं असेल त्याने कोणते शब्द वापरले असतील ते टाकायचे, स्वतःचे नाहीत. ऊन किती ते हवं तर 'लखनऊ' लिही, मराठी माणसाने काय लिहिलंय ते हवं तर 'लखनौ'. त्यातही २०२२ पासून 'लखनौ' टाकलं की नुसतं क्रिकेट येतं, म्हणून उणेसुपर उणेजायंट्स. आणि दुसऱ्या पानावर जाणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "पहिल्या पानावर नाही म्हणजे शब्द चुकला बे. शब्द बदल."

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. काकांना ताप, आणि त्यांच्या संगणकावर एकही पान उघडेना. मी इतक्या आनंदाने कधीच कुणाच्या आजारपणाला गेलो नाही. लाल पाटी होती. तारीख २००९. "काका, घड्याळ बघितलं का?" असं मी तीनदा विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तारीख सुधारली, आणि चालतंय का पाहायला सर्चच्या चौकोनात सहज 'म' दाबला. खाली त्यांचे जुने शोध उलगडले. जगाला साफ कर म्हणणाऱ्याने स्वतःचं काहीच साफ केलेलं नव्हतं. मॅरिस कॉलेज उणेनागपूर. मैरिस कॉलेज उणेनागपूर. मॉरिस कॉलेज लखनौ उणेनागपूर. प्रत्येकाच्या पुढे अवतरणचिन्हांत एका बाईचं नाव, कधी माहेरचं, कधी सासरचं.

"आत्या," काका भिंतीशीच बोलले. "गाणं शिकायला आली होती इथं. रातंजनकर प्रिन्सिपल होते त्या वेळेस."

म्हणजे कैसरबागेतलं, १९२६ साली भातखंड्यांनी सुरू केलेलं ते संगीत महाविद्यालय, ज्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. मॅरिस हे तेव्हाच्या गव्हर्नरचं आडनाव, पण लोक मॉरिस लिहितात, आणि मराठीत मॉरिस कॉलेज म्हटलं की आधी नागपूरचं उभं राहतं. काका त्याच मॉरिसचे. घरात आत्याचा एकही फोटो उरला नाही. कुठल्या जुन्या गॅदरिंगच्या फोटोत, कुठल्या विद्यार्थ्यांच्या यादीत ती असेल, म्हणून नागपूर बाजूला काढून शोधायचं.

मी पडद्याकडे पाहत राहिलो. मग म्हणालो, "काका, आत्या नागपूरचीच ना?"

"मग काय पुण्याची?"

"तिच्याबद्दल कुणी एक ओळ जरी लिहिली असेल, तरी त्यात नागपूर येणारच की."

पंख्याचा आवाज येत राहिला. वरून एक विमान उतरलं, खिडकीच्या काचा हलल्या. काका उठून बसले, चष्मा शोधला आणि लावला.

"काढ," म्हणाले.

मी उणेचं चिन्ह खोडलं. नागपूरचं नागपूर कोसळलं पडद्यावर. मॉरिस कॉलेजचा चौक, प्रवेशाच्या तारखा, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, मोर्चे, वाहतूक बंद. आत्या पहिल्या पानावर नव्हती.

"दुसरं पान लाव," काका म्हणाले.

काकूंनी दोन चहा आणून ठेवले, माझा साखरेचा, त्यांचा बिनसाखरेचा. पाचव्या पानावर असताना काकांनी न बघता माझा कप उचलला आणि संपवला.