नकलेची नक्कल

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या जोडीने चौदा महिन्यांच्या तपश्चर्येअंती ‘थ्रीज’ हा मोबाइलवरील आकड्यांचा खेळ विक्रीस मांडला, आणि अ‍ॅपच्या बाजारातील रिवाजाप्रमाणे दर शेकडा तीस इतकी दस्तुरी, म्हणजे मराठ्यांच्या चौथाईहूनही सरस रक्कम, दुकानदाराच्या खजिन्यात जमा होऊ लागली. पुढल्याच महिन्यात इटलीतील एका एकोणीस वर्षांच्या युवकाने, शनिवार-रविवारच्या फुरसतीत, ‘थ्रीज’च्याच मधल्या एका नकलेवरून ‘२०४८’ हा खेळ रचून जगाला फुकट वाटला. फुकटाचा महिमा असा अगाध की, मूळ कर्त्यांवरच नक्कल केल्याची तोहमत आली; तेव्हा त्या बिचाऱ्यांनी आपल्या ई-मेलांचे सविस्तर दप्तर पुराव्यादाखल प्रसिद्ध केले. तेही, अर्थात, विनामूल्य.