गॅलरीतला रंगकर्मी

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, एखाद्या गॅलरीतून ‘खडखड खडखड’ असा आवाज येऊ लागला तर दचकू नये. स्प्रे पेंटच्या डब्यात रंग ढवळायला एक गोळी असते, तिचा तो आवाज. डब्यावर ‘एक मिनिट हलवा’ असं छापलेलं असतं. आमचा इसम चार मिनिटं हलवतो. शेजारचे काका झोपमोड झाल्याने बाहेर येतात आणि विचारतात, “काय रे, आज काय रंगवतोयस?”

“पॉवर सप्लायचं कव्हर.”

“ते दिसतं का बाहेरून?”

“नाही.”

काका आत जाऊन काकूंना सांगतात, “त्याचं अजून नोकरीचं काही जमलेलं दिसत नाही.” वास्तविक त्याला हिंजवडीत उत्तम नोकरी आहे. पण अंगात जुना बनियन, तोंडाला मास्क, नखांत गडद हिरवा रंग आणि समोर कपडे वाळत घालायच्या दोरीला तारेने टांगलेले प्लॅस्टिकचे सात-आठ तुकडे, अशा अवस्थेतल्या माणसाचं पॅकेज कुणाला कसं कळावं?

हा प्राणी पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात, जिथे एक गॅलरी आणि एक सहनशील आई आहे तिथे कुठेही सापडतो. बाजारात आयता मिळणारा काळा कॉम्प्युटर त्याला बघवत नाही. आतल्या पंख्याची चौकट, मदरबोर्डवरची झाकणं, ग्राफिक्स कार्डावरचं आवरण, सगळं त्याला स्वतःच्या मनातल्या एका रंगात हवं असतं. तो रंग कुठल्याही कंपनीच्या शेडकार्डावर नसतो. बोहरी आळीतल्या दुकानदाराशी त्याचा संवाद ऐकण्यासारखा असतो.

“कशाला हवाय रंग? ग्रिलला?”

“फॅनला.”

“सीलिंग की टेबल?”

“एकशेवीस मिलिमीटर.”

दुकानदार क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि गाडीच्या टच-अपचा डबा पुढे सरकवतो. दुकानदारांना सगळं कळतं.

खरा सोहळा रंगाच्या आधीचा. नव्या प्लॅस्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा ओशटपणा राहिलेला असू शकतो, त्यावर रंग धरत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा भांड्यांच्या साबणाने घासायचा. लेक सिंकपाशी उभा राहून घासतोय हे पाहून आईला पहिल्यांदा भरून आलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर खरकटी भांडी तशीच, आणि हा पंख्याची जाळी विसळतोय. त्यानंतर पॉलिश पेपर. चारशे नंबर, सहाशे नंबर, हजार नंबर. आकडा चढेल तसा कागद मऊ. पाण्यात भिजवून गोल गोल न फिरवता, एकाच दिशेने, हलक्या हाताने. बाथरूममध्ये स्टुलावर बसून तो हे दोन-दोन तास करतो आणि बाहेर बाबा टॉवेल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालतात. प्लॅस्टिकची सगळी चकाकी गेली, पृष्ठभाग खडूसारखा मंद झाला, की तो बोटाचं पेर त्यावरून फिरवून डोळे मिटतो. आजीचं निरीक्षण असं, की या मुलाने जन्मात इतक्या मायेने कुणाचे पाय चेपलेले नाहीत.

मग अस्तर. प्लॅस्टिकला चिकटणारा प्रायमर न मारता थेट रंग मारणाऱ्या माणसाविषयी तो बोलतो तेव्हा आवाज खाली येतो; आपल्याकडे कर्ज बुडवून पळालेल्या नातेवाइकाविषयी बोलताना येतो तसा. अस्तर वाळलं की पहिला हात, थांबून दुसरा हात, थांबून तिसरा. डबा एक वीत लांब धरायचा, आणि फवारा तुकड्याच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवायचा. अधाशासारखा एकाच हातात रंग पुरा करू गेलं की ओघळ येतो. ओघळ आला की तो वाळेपर्यंत थांबून पुन्हा सहाशे नंबर, पुन्हा स्टूल, पुन्हा बाबांच्या येरझाऱ्या.

एकदा मात्र त्याचा धीर सुटला. ओघळ ताजा असतानाच पुसावा म्हणून बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. त्यात असतं अ‍ॅसिटोन, आणि कॉम्प्युटरचे बरेच सुटे भाग ज्या एबीएस प्लॅस्टिकचे असतात ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. ओघळ गेला, त्याच्याबरोबर एक कोपराही गेला. बहीण म्हणाली, “माझी बाटली भरून दे.” घरात शोककळा पसरली होती आणि हिला बाटलीची पडली होती, हे तो अजून सांगतो.

पाहुणे आले की व्याख्यान ठरलेलं. १९९८ साली अ‍ॅपलने निळसर, आरपार दिसणारा आयमॅक काढला आणि दुधाच्या चहासारख्या रंगाचे खोके टेबलावर मांडून बसलेल्या जगाला जाग आली, हा त्याचा इतिहासाचा आरंभबिंदू. त्याआधीच्या काळाला तो अंधारयुग म्हणतो. ते खोके पुढे पिवळे का पडले, तर प्लॅस्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात घातलेल्या ब्रोमिनच्या संयुगांमुळे, हेही तो चहा निवेपर्यंत समजावतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या पंख्यांवर त्याचा विशेष राग. कॉम्प्युटरचे पंखे बनवण्यात ते जगात नावाजलेले, पण रंग तपकिरी आणि पिठूळ. लोकांची कुरकुर ऐकून कंपनीने काळे पंखेही काढले. त्यामुळे याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण रंगवायला एक निमित्त कमी झालं. पंख्याची पाती रंगवू नयेत, रंगाचा थर कमीजास्त बसून तोल गेला की पंखा घरघरतो, हे तो सगळ्यांना बजावून सांगतो. त्याचा स्वतःचा पंखा घरघरतो.

पावसाळा हा त्याचा चातुर्मास. हवेत दमटपणा असला की वरून मारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक येते आणि गडद हिरवा रंग बुरशी आल्यासारखा दिसू लागतो. जून ते सप्टेंबर डबे माळ्यावर. या दिवसांत तो पेणला जाऊन गणपतीच्या कारखान्यात फवाऱ्याची बंदूक चालवणाऱ्या कारागिरांकडे बघत उभा राहतो. तिथे कंप्रेसर चालू, हात सरसर फिरतोय, मूर्तीच्या गालावर छटा कुठे संपली ते कळत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला विचारलं, “तुमची मूर्ती केवढी?” याने हाताने वीतभर माप दाखवलं. “मग शाडूचीच करा,” कारागीर म्हणाला.

आता तो कॉम्प्युटर. खरं सांगायचं तर तो चालू झालेला फारसा कुणी पाहिलेला नाही. जोडून झाला की एक स्क्रू चंदेरी राहिल्याचं ध्यानात येतं आणि सगळं पुन्हा सुटं होतं. ऑफिसचं काम ऑफिसच्या राखाडी लॅपटॉपवर होतं, ज्याला हात लावायची परवानगी नाही. रेल्वेचं तिकीट मोबाइलवर. आजीला नातवाच्या कॉम्प्युटरवर काशीचा घाट बघायचा आहे. तिला “लॅकर वाळू दे” असं उत्तर मिळतं.

तुमच्या मुलीला असं स्थळ सांगून आलं तर मात्र नाकारू नका. अस्तराशिवाय रंग न मारणारा, एक हात वाळल्याशिवाय दुसऱ्याला न धजणारा आणि भांड्यांचा साबण कुठे ठेवलाय हे ठाऊक असणारा मुलगा आजकाल कुठे मिळतो? फक्त बोलणी करताना घराला गॅलऱ्या किती, हे विचारून घ्या. एकच असेल तर कपडे कुठे वाळत घालायचे ते याद्यांच्या वेळीच लेखी ठरवा.