जालन्याहून समुद्रसपाटीखाली

मराठीतील प्रवासवर्णनांचा नायक बहुधा पुण्या-मुंबईचा असतो आणि परदेशात तो स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणाऱ्या गाड्या व मनासारखा न मिळणारा चहा यांची नोंद घेतो. जालना जिल्ह्यातील शेतकरी मात्र अभ्यास दौऱ्यावर नेदरलँड्सला गेला की त्याच्या निरीक्षणाला पाणी हा एकच विषय पुरतो, आणि त्या विषयाने त्याची मती इतकी गुंग होते की बाकीचा देश त्याला ओझरताच दिसतो. अभ्यास दौरा म्हणजे प्रगत शेती पाहण्यासाठी कृषी विभागाने आखलेली सहल. तिच्या खर्चाचा काही भाग ठरावीक मर्यादेपर्यंत शासन सोसते आणि तिच्या अर्जाला पासपोर्टबरोबर सातबाराही जोडावा लागतो. आपली जमीन कोणत्या गटात व किती आर आहे हे दाखवल्यावाचून ज्यात पाऊल टाकता येत नाही, असा विदेशप्रवास विरळाच. (सामानातील दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी या विषयावर मराठीत विपुल लेखन झाले असल्याने त्या येथे गाठोड्यातच राहू दिल्या आहेत.)

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे, तर अ‍ॅमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनएक मीटर खाली, म्हणजे जालन्याचा प्रवासी विमानातून उतरतो तो थेट एका जुन्या तळ्याच्या तळावर. हार्लेमरमेर नावाचे हे विस्तीर्ण तळे १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी उपसून कोरडे करण्यात आले. अशा रीतीने भोवती बांध घालून आणि आतले पाणी बाहेर काढून मिळवलेल्या जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात, आणि देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली असल्यामुळे उपसा थांबवून चालत नाही. घाणेवाडी तलावाचा तळ दिसू लागला की ज्या शहराच्या पोटात गोळा येतो आणि ज्याने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत दिवस काढले, तेथून आलेल्या माणसाला तळे आटणे ही आपत्ती वाटणार हे उघड आहे. येथे ते लोकांनी वर्षानुवर्षे खपून मुद्दाम आटवले आणि वर त्यातल्या एका पंपाचे संग्रहालय करून तिकीटही लावले, हे त्याच्या पचनी पडत नाही. अशा प्रसंगी गटातील एखादे वडीलधारे गृहस्थ मार्गदर्शकाला हटकून म्हणतात, “साहेब, फेकूनच द्यायचं होतं तर आमच्याकडं तरी धाडायचं,” आणि दुभाष्या ते वाक्य सौजन्यपूर्वक गाळतो.

यापुढचा धक्का आकड्यांचा असतो. नेदरलँड्समध्ये वर्षाकाठी साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि जालना जिल्ह्यात साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे फरक दीडपटीचासुद्धा नाही. पण तिकडे तो बारा महिने भुरभुरतो, तर इकडे पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत येऊन, बांध फोडून, ओढ्याने निघून जातो. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामे करून आणि शेततळी खणून त्याला अडवले व त्यावर द्राक्षे पिकवली, हे खरे. तरीही आपल्यापेक्षा फार जास्त पाऊस नसलेला देश बुडण्याच्या भीतीने जगतो, हे ऐकून प्रवासी हिशेबाची वही मिटतो.

पाणी हटवण्याची जबाबदारी तेथे ‘जलमंडळां’कडे असते. जलमंडळ ही बांध, कालवे व पंप सांभाळणारी स्वतंत्र स्वराज्य संस्था असून तिची मुळे तेराव्या शतकापर्यंत जातात. आज अशी २१ मंडळे आहेत, ती वेगळा कर घेतात आणि त्यांच्या निवडणुकाही होतात. जालन्यात पिढ्यान्‌पिढ्या उमेदवार पाणी आणण्याचे वचन देऊन मते मागत आला आहे. पाणी घालवण्याचे वचन देऊन निवडून येता येते आणि पुढे ते पाळावेही लागते, हे कळल्यावर प्रवाशांतील आजी-माजी सरपंच बराच वेळ गप्प असतात.

काचगृहात, म्हणजे तापमान व आर्द्रता ताब्यात ठेवणाऱ्या काचेच्या प्रचंड शेडमध्ये, टोमॅटोची झाडे मातीशिवाय वाढताना दिसतात. त्यांची मुळे ‘खडकलोकरी’त, म्हणजे बेसाल्ट खडक वितळवून कातलेल्या तंतूंच्या लादीत, रुजलेली असतात. जालना जिल्हा पसरला आहे तोच मुळी बेसाल्टवर. ज्या काळ्या दगडाला विहीर खणताना तीन पिढ्यांनी शिव्या घातल्या, त्याची लोकर करून कोणी टोमॅटो काढतो म्हटल्यावर प्रवासी लादी बोटाने दाबून पाहतो आणि भाव विचारतो. शेजारच्या कुरणात एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिझियन, गाय तिच्या मूळ मुलखात, पंख्याखाली न बांधता, चरताना दिसते. तिच्याकडे पाहून जो तो आपापल्या गोठ्यातल्या गाईविषयी, विशेषतः मे महिन्यातल्या, हळहळतो.

आल्समेर येथील फुलांचा लिलाव हा दौऱ्यातील मानाचा कार्यक्रम होय. आपल्याकडे मोसंबीची बोली खालून वर चढते. तेथे घड्याळ चढ्या भावापासून सुरू होऊन खाली घसरते आणि जो खरेदीदार पहिल्यांदा बटण दाबतो त्याला त्या क्षणीच्या भावाने माल मिळतो. पद्धत वेगवान व पारदर्शक आहे, यात वाद नाही. परंतु भाव डोळ्यांदेखत पडताना पाहायला एवढा खर्च करून यायची गरज नव्हती, तेवढे जालन्याच्या मोंढ्यात फुकट दिसते, असा अभिप्राय बसमध्ये एकमताने नोंदवला जातो.

परतल्यावर गावच्या पारावर या दौऱ्याचे तोंडी निवेदन होते. दगडाची लोकर आणि उलटे घड्याळ गावकरी उदार मनाने मान्य करतात, समुद्राखालचा विमानतळही फोटो पाहून पदरात घेतात. उपशाचा विषय निघाला की मात्र तांत्रिक प्रश्न सुरू होतात, मोटार किती एचपीची, रात्रीपाळीला कोण, आणि लाइट दिवसा असते की रात्री. तिकडे लाइट जातच नाही, असे प्रवासी प्रामाणिकपणे सांगतो, आणि इतका वेळ विश्वासाने ऐकणारी मंडळी धोतर-पायजमे झटकत उठू लागतात.