तीन इंच वरच्या वैनी

आमच्या आष्ट्यात माणूस दिसायच्या आधी त्याची चाहूल लागते. दूधवाल्याच्या किटल्या वाजतात, बुलेटवाला चौकातूनच फटफटत येतो, आणि सकाळी पावणेदहाला गल्लीतून टॉक, टॉक, टॉक असा आवाज गेला की बायका घड्याळाकडं न बघता म्हणतात, "वैनी चालल्या पतसंस्थेत. कुकर लावा."

वैनींची खरी उंची चार फूट दहा इंच. ही माहिती त्यांच्या मिस्टरांना आहे आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना आहे. बाकी गावाला वैनी पाच फूट एक इंचाच्या म्हणूनच ठाऊक. यात फसवणूक काही नाही. आष्टा पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेलं, १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गाव जागचं हललं नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. वैनींचंही तसंच. बाई तीच, मधे फक्त तीन इंचांचा फेरफार नोंदवलेला.

वैनी एकट्या नाहीत. हा एक संप्रदाय आहे आणि तालुक्याच्या गावोगावी त्याची एखादी तरी शाखा असते. गॅदरिंगला हिल घालून मिरवणाऱ्या आणि परतताना चपला हातात घेऊन एसटीची वाट बघणाऱ्या पोरी यात मोडत नाहीत. त्या नुसत्या हौशी. रिसेप्शनला नवऱ्याच्या खांद्याला लागावं म्हणून एका संध्याकाळपुरत्या वर चढणाऱ्या नवऱ्या मुलीही नव्हेत. त्यांची सोय तर वाडवडिलांनीच करून ठेवलीय. नवरी बुटकी असली तर अंतरपाटाच्या अलीकडं तिच्या पाटाखाली गुपचूप आणखी एक पाट सरकवायचा. शालूखाली काय आहे हे बघायला कोण वाकतंय? खऱ्या संप्रदायी बाईची खूण वेगळी. ती गॅसची टाकी घ्यायला दारात येते तीही हिल घालून. भाजीला, मतदानाला, मयताला, सगळीकडं एकच उंची. आणि "पाय दुखत नाहीत का हो?" असं विचारलं की तिचं उत्तर दोन शब्दांत तयार असतं.

"सवय होतीया."

वैनींना ही सवय हौसेनं लागली असं समजू नका. पतसंस्थेतला जुना काउंटर जुन्या कॅशियरच्या मापानं केलेला होता. ते गृहस्थ सहा फुटी, तरुणपणी लाल मातीत घोळलेले. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी वैनी आल्या. मग खातेदारांना काउंटरवर काय दिसायचं, तर केसातला गजरा. एका म्हाताऱ्या आज्जीनं म्हणे पावती गजऱ्यापुढं ठेवली, हात जोडले आणि "कोण हाय का आत?" असं विचारलं. संस्थेनं उंच स्टूल दिलं, पण कॅशची पेटी खाली. दर गिऱ्हाइकामागं एकदा उतरायचं, एकदा चढायचं. आठवड्यात वैनी सांगलीला गेल्या आणि मारुती रोडवरून तीन इंची हिल घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी काउंटरवर गजऱ्याखाली कपाळ दिसलं, कपाळाखाली चष्मा दिसला, आणि चष्म्यातून वैनींनी खातेदारांकडं अशी नजर टाकली की सुट्टे पैसे मागायची कोणाची छाती झाली नाही.

पुढं संस्थेचं नूतनीकरण झालं. काच आली, कॉम्प्युटर आले, ग्रॅनाइटचा बुटका काउंटर आला. आता वैनी खुर्चीत बसूनच नोटा मोजतात, तेही मशीनवर. काउंटर खाली आला, वैनी वरच राहिल्या.

फक्त मार्चएंडला अडचण व्हायची. थकबाकी वसूल करायला सगळा स्टाफ बाहेर पडतो. वैनींचा टॉक-टॉक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की थकबाकीदार मागच्या दारानं उसात. आष्ट्यात माणसाला लपायला ऊस आणि बुडवायला पतसंस्था, दोन्ही मुबलक. "वसुलीपुरत्या तरी साध्या चपला घाला," असं वरून सुचवण्यात आलं. वैनी म्हणाल्या, "मी काय चोरासारखी जाऊ?" आणि त्या वर्षी त्या एका थकबाकीदाराच्या मागं थेट रानात शिरल्या. त्या दिवसांत त्यांच्या पायात पेन्सिल हिल होती. नुकतं पाणी दिलेलं काळं रान. पहिल्या पावलाला टाच गेली, दुसऱ्या पावलाला चप्पल गेली, आणि वैनी सरीत एका पायावर बगळ्यासारख्या उभ्या. शेवटी त्या थकबाकीदारालाच दया आली. त्यानं उसातून बाहेर येऊन चप्पल उपसली, पाटाच्या पाण्यात धुतली, आणि लाजेकाजेनं दोन हप्तेही भरले.

टाच रुतण्यामागं साधं गणित आहे. पन्नास किलोची बाई चालताना निम्मा भार टाचेवर टाकते असं धरा, आणि टाचेचं टोक एक चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे तेवढ्याशा जागेवर २५ किलो. चार हजार किलोच्या हत्तीचा भार त्याच्या चार ऐसपैस पायांवर वाटला तर चौरस सेंटिमीटरला जेमतेम किलोभर येतो. सांगलीच्या गणपतीचा हत्ती त्या रानातून गेला असता तर वैनींइतका रुतला नसता. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच ऐकलं, की भावजी आपल्याला हत्तीण म्हणाले. महिनाभर अबोला. मात्र त्यानंतर पेन्सिल जाऊन रुंद ठोकळ्याची हिल आली. उंची तीन इंचच.

वैनींशी वाद घालायला गेलं की त्यांच्याजवळ इतिहासही तयार असतो, आणि तो त्यांना मीच पुरवला ही माझी चूक. मी एकदा सांगून बसलो की उंच टाच मुळात बायकांची नव्हेच. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का बसावा, उभं राहून बाण सोडता यावा म्हणून टाचेचे जोडे घालत. तिथून ती युरोपातल्या उमरावांनी उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई उंचीनं बेताचाच. त्यानं उंच टाचा घातल्या, त्या लाल रंगवल्या, आणि दरबारातल्या निवडक मानकऱ्यांनाच लाल टाचेची परवानगी ठेवली. पुढं पुरुष शहाणे झाले आणि खाली उतरले. मला म्हणायचं होतं, तुम्हीही उतरा. वैनींनी धडा वेगळाच घेतला. "म्हंजे राजाबी घालतच हुता की," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी लाल हिल घेऊन आल्या.

आता ती गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली.

चौंडेश्वरीच्या देवळाबाहेर आम्ही दोन-तीन घरची माणसं चपला काढत होतो. वैनींनी चपला काढल्या आणि एकदम तीन इंच खाली आल्या. साडी मात्र वरच्याच उंचीला नेसलेली. निऱ्या भस्सदिशी फरशीवर पसरल्या. वैनींचा डावा हात आपसूक खाली गेला, निऱ्या चिमटीत आल्या, घोट्याच्या वर उचलल्या गेल्या. बोलणं सुरूच होतं, हाताला सांगावं लागलं नाही. पण माझं लक्ष पायांकडं गेलं. वैनी गाभाऱ्याकडं चालल्या होत्या त्या चवड्यांवर. टाच फरशीला लागतच नव्हती. बोटांवर भार, पोटरी ताठ, टाच अधांतरी. जणू तीन इंचांची चप्पल अजून पायात आहे आणि फक्त आपल्याला दिसत नाहीय. मागं एक बारकी पोर आईला विचारत होती, "त्या काकू नाचत्यात का गं?" तिच्या आईनं तिला गप्प केलं. भावईच्या उत्सवाच्या गर्दीत देवीपुढं नाचणारे पाय आष्ट्याच्या पोरांनी पाहिलेले असतात, त्यामुळं तिचं फारसं चुकलं नव्हतं.

"वैनी, टाच टेकवा की," मी म्हटलं.

"टेकलीय की," त्या म्हणाल्या. आणि खाली बघून स्वतःच चपापल्या. मुद्दाम टेकवायला गेल्या तर पोटरीतून कळ आली. देवीपुढं हात जोडलेले आणि तोंडातून "आई गं!" निघालेलं. मागच्या बाईला वाटलं, काय ही भक्ती!

वैनींची लेक मिरजेला फिजिओथेरपी शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं आईला पलंगावर पालथं झोपवलं, पोटऱ्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, "आई, तू अगदी पुस्तकातली केस हैस." या विषयावर खरंच शास्त्रज्ञांनी डोकं घातलेलं आहे. २०१० साली मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. दोन वर्षांहून जास्त काळ, निदान पाच सेंटिमीटरची टाच नेमानं घालणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या त्यांनी तपासल्या. स्नायूचे तंतू सपाट चपला घालणाऱ्या बायकांपेक्षा साधारण १३ टक्के आखूड निघाले, आणि पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर आणखी जाड आणि ताठ झालेली. त्यामुळं या बायकांना हिल घालून नव्हे, हिल काढल्यावर दुखतं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठानं आठवड्याला ४० तास हिल घालणाऱ्या बायकांना चालवून पाहिलं. त्यांची अनवाणी चालही आखूड पावलांची, पंजा खाली झुकलेला. त्यांचं सरासरी वय २५ होतं हे ऐकून वैनी जरा खुलल्या.

वैनींच्या सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना टक्केवारी समजली नाही, पण मुद्दा सगळ्यांत आधी त्यांनाच समजला. म्हणाल्या, "दावं आखूड केलं की बैल खुंट्याजवळच फिरतोय. पुढं दावं सोडलं तरी त्यो तितकाच फिरतोय."

"मंग सवय होतीया का न्हाई?" वैनी जिंकल्यासारख्या म्हणाल्या.

"होतीया की," लेक म्हणाली. "तेच तर दुखणं हाय."

इतकी वर्षं मी वैनींशी भांडत होतो की शरीराला असल्या गोष्टीची सवय होत नाही. म्हणजे मीच चूक होतो. शरीर फार आज्ञाधारक. तुम्ही रोज आठ तास ज्या उंचीवर उभे राहता, तीच आपली जमीन असं ते धरून चालतं आणि त्या मापानं स्वतःला कापून-शिवून घेतं. फक्त बोटांना ते जमत नाही. टाच जितकी वर, तितका भार चवड्यावर. बिचारी बोटं चिंचोळ्या टोकात एकमेकींवर चढतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं. वैनींच्या दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला तोंड फिरवलंय, भांडण झालेल्या भाऊबंदांसारखं.

मिस्टरांनी या प्रकरणात एकदाच भाग घेतला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडं गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात कोल्हापूरबरोबर आपला सांगली जिल्हाही आहे. मिस्टर पेपर वाचून पेटले. "तिकडं लोक खाली उतराय लागलेत, आणि तू वर!" म्हणत त्यांनी कोल्हापुरीचा करकर वाजणारा नवा जोड आणला. वैनींनी तो दिवसभर घातला. संध्याकाळी दोन्ही पोटऱ्यांना बाम, पलंगावर उशीवर पाय, आणि स्वयंपाक मिस्टरांकडं. लेकीनं फोनवर बापालाच झापलं. इतक्या वर्षांची टाच एका दिवसात उतरवायची नसते म्हणाली. हळूहळू, अर्धा-अर्धा इंच उतरायचं, आणि रोज पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा सावकाश खाली सोडायच्या, पोटरी ताणायची.

आता रोज संध्याकाळी वैनी दाराच्या पायरीवर पाठमोऱ्या उभ्या असतात. खांबाला धरून टाचा खाली, वर, खाली. येणारे-जाणारे विचारतात, "कुणाची वाट बघताय?" आतल्या बाजूला तोंड करून कोणी वाट बघत नाही, हे गल्लीच्या लक्षात यायला आठवडा लागला.

पण अर्धा इंच उतरायचं म्हणजे काय, हे उतरणाऱ्यालाच कळतं. सगळे परकर वरच्या मापाचे, त्यांना टीप घालायची. साडी कुठवर खोचायची ते माप हातात बसलेलं, ते मोडायचं. रोज सकाळी दोनदा साडी फेडून पुन्हा नेसायची. आणि पतसंस्थेत कोणाच्या लक्षात आलं तर? कोणाच्याही आलं नाही. याचंच वैनींना जास्त वाईट वाटलं.

टाच कापून दिली स्टँडजवळच्या गटईवाल्या मामांनी. वैनींना एक इंच कापून हवी होती, एकदाच काय तो निकाल. मामांनी चप्पल फळीवर ठेवली, डोळा बारीक केला आणि नकार दिला. "अर्ध्या इंचाच्या वर कापलं तर पुढनं चोच वर हुती. चालताना मागं पडशीला." मग त्यांनी करवतीनं दोन्ही टाचा अर्धा इंच कापल्या, तळाशी नवं रबर मारलं, कड कानशीनं घासली. घेतले साठ रुपये. वैनींनी घासाघीस न करता दिले, आणि कापलेले दोन्ही तुकडे मागून घेतले.

त्यांच्या घरची तिजोरी फरशीच्या उतारामुळं पुढं झुकलेली होती, दार आपोआप उघडायचं. आता तिच्या पुढच्या दोन पायांखाली ते तुकडे आहेत. दार नीट बसतं.