डावीकडच्या सीटवरचे मास्तर

मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर शिष्याच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत. नजर समोर रस्त्यावर, अधूनमधून काचेला चिकटवलेल्या आपल्या खासगी आरशात, आणि कान क्लचवर. गाडी बंद पडणार हे शिष्याला कळायच्या आत मास्तरांना आवाजावरून कळलेलं असतं. ते तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सरकवतात आणि शांतपणे म्हणतात, ‘‘गेली.’’ त्यानंतर गाडी बंद पडते.

हा माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो, पण अस्सल नमुना बघायचा तर साताऱ्यात बघावा. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. वरचा तो राजपथ, खालचा तो खालचा रस्ता, आणि दोघांना जोडणारे बोळ असे की पायी चढणारा माणूसही मनातल्या मनात पहिला गिअर टाकतो. सपाट गावातले मास्तर आठवडाभर मैदानात गोल फिरवून फी घेऊ शकतात. साताऱ्याच्या मास्तरांना ती चैन नाही. समर्थ मंदिराकडे गाडी वळवली की चढ सुरू, आणि मागे एसटी.

ऑफिस म्हणजे एक गाळा. त्यात काय काय असावं हे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरवून दिलंय: फळा, वाहतूक चिन्हांचा तक्ता, पंक्चरचं सामान, जॅक, पाने, विद्यार्थ्यांसाठी बाकडी आणि चक्क एक गिअरबॉक्स. मास्तरांकडे सगळं आहे. फळ्यावर गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा आहेत, गिअरबॉक्सवर उदबत्तीचं घर आहे. शिकवणारा दहावी पास असावा, पाच वर्षं गाडी चालवलेला असावा आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला असावा, असंही नियम सांगतात. ते सगळे कागद फ्रेम करून दत्ताच्या तसबिरीशेजारी टांगले आहेत. कोर्स किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास, हेही नियमच. मास्तर रोज अर्धा तास देतात, म्हणजे कागदावर हिशेब चोख. फक्त त्या अर्ध्या तासात पेट्रोल भरणं, पुढच्या शिष्याला घरून उचलणं आणि मास्तरांचं दळण गिरणीत टाकणं हेही बसतं. कुणी कुरकुर केली तर उत्तर तयार असतं. ‘‘गिरणीपाशी टर्न किती अवघडाय बघितला का? त्यासाठीच आणलंय.’’

गाडी बहुधा मारुती ८००. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ पासून बनायची बंद झाली, पण ती बातमी काही ड्रायव्हिंग स्कुलांपर्यंत अजून पोचलेली नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. डॅशबोर्डवर गणपती आणि सीटवर टर्किशचा टॉवेल, कारण घाम दोघांनाही येतो. मास्तरांचं खरं भांडवल मात्र त्यांच्या पायाशी असतं: जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. स्टिअरिंग शिष्याच्या हातात, गाडी मास्तरांच्या पायात.

त्यांचं सगळं शास्त्र डाव्या पायाच्या अर्ध्या इंचात मावतं. इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात, मधे क्लचप्लेट. पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं सुटी, सोडलं की जोडलेली. एकदम जोडली तर संथ फिरणाऱ्या इंजिनाला उभ्या गाडीचा भार झेपत नाही, गाडी आचका देते आणि बंद पडते. म्हणून प्लेट थोडा वेळ घासत, घसरत, मग धरायला हवी. यालाच हाफ क्लच म्हणतात आणि यातच माणसांची आयुष्यं जातात. मास्तर हे सगळं एका वाक्यात सांगतात. ‘‘वासराचं दावं एकदम सोडता काय? मग?’’ मुंबईहून बदली होऊन आलेला बँकेतला साहेब मान डोलावतो. त्याने वासरू फक्त दुधाच्या पिशवीवर पाहिलेलं असतं.

पुढे दोघांत जो संवाद चालतो तो बाहेरून ऐकणाऱ्याला भांडण वाटेल. ‘‘सोडा… सोडा… आवं ताई, सोडा म्हंजे टाकू नका!’’ मास्तरांच्या लेखी बाई कोणत्याही वयाची असो, ती ताई. कॉलेजचा पोरगा ‘मालक’. वयस्कर गृहस्थ ‘काका’. नवऱ्याला मागच्या सीटवर बसायला बंदी. एका गाडीत दोन मास्तर चालत नाहीत, आणि नवऱ्याच्या पायाशी ब्रेक नसल्यामुळे तो सगळं तोंडाने दाबतो.

पूर्वी गाडी शिकायला यायचा तो ड्रायव्हर व्हायला. मास्तर स्वतः तसेच शिकले. ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, वर्षभर नुसत्या काचा पुसल्या, आणि उस्तादाने पहिला धडा पान्याने दिला. आता येतात ते डॉक्टरीणबाई, महिन्याभरात अमेरिकेला निघालेला मुलगा, निवृत्तीचा पैसा हातात पडलेले शिक्षक. यातला शेवटचा प्रकार मास्तरांची खरी परीक्षा घेतो, कारण छोट्या गावात निवृत्त गुरुजी हे बऱ्याचदा मास्तरांचेच गुरुजी निघतात. ज्यांनी पाढे चुकल्यावर बाकावर उभं केलं, ते आता राजपथावर भर बाजारात दुसऱ्यांदा गाडी बंद पाडून उजवीकडे बसलेले असतात. पान्याची परंपरा इथे उपयोगाची नाही. मास्तर हात जोडतात. ‘‘गुरुजी, पाया पडतो. पण ब्रेकवरचा पाय काढा.’’ गुरुजीही सवयीने खडसावतात, ‘‘एका वेळी एकच सूचना द्यावी!’’ मास्तर लगेच गप्प. दुसऱ्या दिवशी गुरुजी वहीत गिअरचा नकाशा आखून आणतात, बाणांसकट. क्लचला वही वाचता येत नाही, हे त्यांना सांगण्याची हिंमत मास्तरांमध्ये आजही नाही.

दुसऱ्या आठवड्यात चढ. गाडी मध्यावर थांबवून मास्तर हँडब्रेक ओढायला लावतात. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळूच वर. गाडीचं नाक किंचित उचललं, की हँडब्रेक खाली. मास्तर खाली उतरून मागच्या चाकाला आगपेटी लावून ठेवतात. ती चिरडली तर पुन्हा पहिल्यापासून. आपण उतरताना ते मागच्या सीटवरच्या भिडूला हँडब्रेक धरून बसायला सांगतात, ही गोष्ट वेगळी. तेवढ्यात जळका वास सुटतो. शिष्य पुढच्या ट्रककडे संशयाने बघतो. मास्तरांना कळतं की वास आपल्याच प्लेटचा आहे आणि या बॅचच्या फीमधला बराचसा हिस्सा गॅरेजला गेला.

ऑटोमॅटिकचं नाव काढलं की मात्र त्यांची शांती भंगते. २०१४ साली सेलेरिओबरोबर गिअर आपोआप बदलणारी स्वस्तातली गाडी आली आणि मास्तरांच्या मते तिथून बिघाड सुरू झाला. ‘‘मग डावा पाय काय नुसता बूट घालायला दिलाय?’’ पुण्यात नोकरी करणारी पोरं येऊन सांगतात, आम्हाला ऑटोमॅटिकच घ्यायचीय, तेवढंच शिकवा. मास्तर हसून फी घेतात आणि त्यांना मारुती ८००मध्ये बसवतात. माझं मत विचाराल तर रोज पुण्याच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्याने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी, गुडघा स्वतःचा आहे. पण हे मत मी मास्तरांच्या गाडीत बोलणार नाही.

सबंध दिवस दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसणारा हा माणूस एरवी मोठा भित्रा असतो. महाबळेश्वरच्या एसटीत बसला तर मेढ्यापर्यंत त्याचा उजवा पाय पत्र्यावर ब्रेक दाबत असतो. मेव्हण्याच्या नव्या गाडीत तो पुढे बसत नाही, डावीकडे पेडल नाही म्हणून. आणि स्वतःच्या मुलीला गाडी शिकवायची वेळ आली तेव्हा त्याने तिला मुकाट्याने समोरच्या स्कूलमध्ये घातलं, पूर्ण फी भरून.

फॉर्म ५ वरचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळतं. काही मास्तर २१ दिवस स्वतःच्याच पायांनी गाडी चालवतात आणि शिष्याला वाटतं आपण चालवली. अशा शिष्याची गाठ पुढे एकट्याने साताऱ्याच्या पोवई नाक्याशी पडते. जातिवंत मास्तर तिसऱ्या आठवड्यात, काही न बोलता, चपला काढून सीटवर मांडी घालतात. शिष्याला त्याचा अर्थ सांगत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी एक करा. त्यांच्या जुन्या शिष्यांना गाडी, पिकअप, आरटीओतली ओळख वगैरे विचारू नका. शेवटच्या दिवसांत मास्तरांचे पाय कुठे होते, तेवढंच विचारा.