टँकवर जाताना पिशवीत काय भरावं : सहकुटुंब जलविहाराचं साद्यंत मार्गदर्शन

आखाजी झाली, घागरी पुजल्या, आमरस-पुरणपोळीची सुस्ती उतरली आणि माहेरवाशिणी झोक्यावरून खाली आल्या, की चाळीसगावातल्या कुठल्याही भरल्या घरात एखादं पोरगं हमखास म्हणतं, ‘चाला, टँकवर जाऊत!’ बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असतो, त्यामुळे विरोध कुणी करत नाही. हे वाक्य उच्चारल्यापासून पहिला माणूस प्रत्यक्ष पाण्यात पडेपर्यंतचा जो प्रदीर्घ काळ असतो, त्यात कुटुंबाने कसं वागावं याविषयी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. पोहावं कसं, हे यात नाही. त्याला फारसा वेळ उरत नाही.

आधीच्या पिढीला असल्या मार्गदर्शनाची गरज पडली नाही. विहिरीवर जाताना न्यायची वस्तू एकच, पाठीला बांधायचा पत्र्याचा डबा. डबा नसेल तर वाळका भोपळा, आणि घरचं कुणी ट्रकवर असेल तर टायरची ट्यूब. अशा पोराला त्या दिवसापुरते मित्र फार. जामद्याच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या पाटांना गिरणेचं आवर्तन सुटलं, की डबाही लागत नसे. अंगावरची चड्डी काठावर काढून ठेवायची आणि उन्हातच वाळायचं. पुढे निळ्या फरशीचे टँक आले, तासाच्या बॅच आल्या, ‘नायलॉन कॉश्च्युम सक्तीचा’ अशा पाट्या आल्या, आणि या सगळ्यांच्या मागोमाग पिशवी आली.

पिशवी एक असते, हा पहिला गैरसमज. किमान चार लागतात: कोरड्या कपड्यांची, येताना ओल्या कपड्यांची, खाण्याची, आणि ‘असू द्या’ची. यांतली पहिली लग्नाच्या बस्त्यासोबत दुकानदाराने दिलेली, चेनची, वर त्याचा फोन नंबर छापलेली असावी. ती फाटत नाही. ओल्याची पिशवी घरून निघताना घडी घालून कोरड्याच्या पिशवीत ठेवतात आणि परतताना ती सापडत नाही. मग ओले कपडे खाण्याच्या पिशवीत आणि उरलेलं खाणं मांडीवर, असा प्रवास होतो. हे गृहीत धरूनच चालावं.

‘असू द्या’च्या पिशवीविषयी मात्र कडक धोरण हवं. ‘असू द्या, लागेल’ असं म्हणून तीत जे जे पडतं त्याची यादी करायला बसलो तर बॅच संपेल. सुई-दोरा, बॅटरी, बाम, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका (रस्त्यातच घर आहे म्हणून), भरायचं राहिलेलं लाइट बिल आणि एक कांदा. खिशातला कांदा ऊन लागू देत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. वैद्यकात तिला आधार नाही. उन्हाला उपाय सावली, पाणी आणि मीठ-साखरेचं सरबत. तरीही कांदा न्यावा. तो बुक्कीने फोडून भाकरीसोबत खाता येतो, आणि असं दुहेरी समर्थन ज्या वस्तूला नाही ती सरळ बाहेर काढावी.

टॉवेलांचा प्रश्न गणिताचा आहे, आणि गणित या तालुक्याला नवं नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या पाटणला मठ काढला. तसं सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटणला होता. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. ‘लीलावती’त हौदाचं एक उदाहरणही आहे: चार झरे, एकट्याने हौद भरायला पहिल्याला एक दिवस, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला दिवसाचा तिसरा भाग आणि चौथ्याला सहावा. चारही एकदम सोडले तर हौद कधी भरेल? उत्तर, दिवसाच्या बाराव्या भागात, म्हणजे आपल्या घड्याळाने दोन तासांत. हौद भरला, ठीक. पण त्यातून अकरा माणसं बाहेर निघाली आणि टॉवेल चार असले तर अकराव्याच्या वाट्याला काय येईल, हे आचार्यांनी सांगितलेलं नाही. अनुभवाने उत्तर असं आहे की अकराव्याच्या वाट्याला ओलं कापड येतं आणि तो अकरावा नेहमी जावई असतो. म्हणून एक कोरा पंचा वेगळा काढून जावईबापूंच्या नावाने पिशवीच्या तळाशी दडवावा. घरातल्या पुरुषांना तो कुठे आहे ते सांगू नये.

कॉश्च्युमवरून तिकिटाच्या खिडकीपाशी वाद घालू नये. जिभाऊ म्हणतील, ‘आम्ही जन्मभर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर पोहलो, गिरणा कधी काही बोलली नाही.’ मुद्दा बिनतोड आहे. फक्त गिरणेला फिल्टर नाही. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे सुटतात आणि ते टँकच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात, म्हणून नायलॉनचा आग्रह. मुलांचे गेल्या उन्हाळ्याचे कॉश्च्युम निघण्याच्या आदल्या दिवशी घालून पाहावेत. सुट्टीत मामाच्या गावी आलेली पोरं कशी वाढतात हे सर्वांना ठाऊक असतं, तरी दरवर्षी सगळी मंडळी खिडकीवर भाड्याच्या कॉश्च्युमची चौकशी करताना दिसतात.

डोक्याला तेल थापून जाऊ नये, आणि उतरण्याआधी शॉवरखाली उभं राहावं. याला लोक टँकवाल्याचा आचरटपणा समजतात. पाण्याला जो उग्र दर्प येतो तो ‘क्लोरीन जास्त झालं’ म्हणून येतो, असाही समज आहे. बहुतेक वेळा उलट असतं: क्लोरीनची घामाशी आणि मुलं पाण्यातच जे उरकतात त्याच्याशी गाठ पडली, की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, दर्प त्यांचा, आणि डोळेही तीच चुरचुरवतात. तेव्हा टँकवर पोचताच ‘वास बघा किती!’ असं म्हणताना आपण आधीच्या बॅचविषयी बोलत आहोत, हे लक्षात ठेवावं. पुढची बॅच आपल्याविषयी बोलणार आहे.

आता खाणं. मुख्य विषय हाच आहे, बाकीचं सगळं प्रास्ताविक होतं.

गार पाण्यात तासभर घालवला की भूक खवळते, हे शरीराचं सरळ काम आहे. खानदेशात ती पाण्यात उतरण्याआधीच खवळते, एवढाच फरक. टँकच्या दारावर पाटी असते: ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई.’ आपल्याकडे या पाटीचा अर्थ ठरलेला आहे. आपलं खाणं बाहेरचं नाही, घरचं आहे. हा युक्तिवाद घरातल्या सर्वांत वयस्कर बाईने करावा. मोठ्या मायपुढे कुठलाही वॉचमन फार वेळ टिकत नाही, आणि एखादी दशमी हातावर ठेवली तर तोच पिशवी उचलून आत नेतो.

दशम्याच का, तर पीठ दुधात भिजवलेलं असतं, त्या मऊ राहतात, आणि ओल्या हाताने खाल्ल्या तरी बिघडत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी कोरडीच घ्यावी. ठेचा घ्यावा, पण पोहून आल्यावर हात धुऊन खावा आणि ठेच्याच्या हाताने डोळे पुसू नयेत; अशा वेळी दोष क्लोरीनला दिला जातो. कळण्याची भाकरी चालेल. बिबड्या तळून नेल्या तर त्यांना स्वतंत्र डबा हवा, कारण गच्चीवर दोन दुपारी पोरांना राखणीला बसवून वाळवलेली बिबडी टँकच्या दमट हवेत दहा मिनिटांत मऊ पडते आणि तिच्याबरोबर करणारीचा चेहराही. केळी रावेर-यावलची असोत की दारावरची, ती पिशवीत सर्वांत वर ठेवावीत. ती सर्वांत वर ठेवली, की कुणीतरी त्यांच्यावर थर्मास ठेवतो. याला उपाय सापडलेला नाही. केळी हातात न्यावीत.

शेवभाजी नेऊ नये. हे पुन्हा सांगतो, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही: शेवभाजी नेऊ नये. शेव वेगळी आणि रस्सा वेगळ्या डब्यात, डब्याचं झाकण घट्ट, वर कापड बांधलेलं, हे सगळं करून झालेलं आहे. कन्नड रस्त्याला पहिला गतिरोधक लागतो, आणि काळ्या मसाल्याचा तो लालभडक तवंग शांतपणे वाट काढत टॉवेलांपर्यंत पोचतो. मग घरातले सगळे अंग पुसल्यावर एका रंगाचे दिसतात. जावईबापूंचा दडवलेला पंचाही यातून सुटत नाही, कारण तो तळाशी असतो.

नानांची व्यवस्था निराळी. नाना पाण्यात उतरत नाहीत, पण त्यांना घरी ठेवून जाणंही शक्य नसतं. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची, पेपर, दुपारची गोळी आणि घरचं पाणी घ्यावं. टँकचं पाणी पाहून ते आधी खोली विचारतील. एका टोकाला साडेतीन फूट, असं उत्तर मिळताच मोटेच्या विहिरीत थारोळ्यावरून कशा उड्या मारत असू ते सांगायला लागतील. हे सांगणं बॅच संपेपर्यंत पुरतं.

एका कलमात गंमत नाही. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं, हात हलवतं. प्रत्यक्षात ते बहुधा आवाज न करता खाली जातं, आजूबाजूला पंचवीस माणसं असतानाही. फुगवायची बदकं आणि ट्यूबा ही खेळणी आहेत, राखणदार नव्हेत. एका मोठ्या माणसाने मोबाइल पिशवीत टाकून फक्त पाण्याकडे बघत बसायचं, आणि कंटाळा आला की दुसऱ्याला सांगून मगच उठायचं. ‘सगळेच बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नाही.

पावसाळ्यात याच चार पिशव्या पाटणादेवीला आणि तिथून जमलं तर केदारकुंडाच्या धबधब्याकडे निघतात. तिथे कॉश्च्युमची सक्ती नाही, पण शेवाळलेले दगड आहेत आणि माकडं आहेत. माकडांना केळी वर ठेवलेली आवडतात. अभयारण्य असल्यामुळे प्लॅस्टिक परत आणायचं असतं. ओल्याची पिशवी या वेळीही सापडणार नाही.

शेवटचं कलम, जे खरं तर पहिल्या क्रमांकावर हवं होतं. वरील सर्व सामान ज्या बाईने पहाटे उठून भरलेलं असतं, तिच्या पोहण्याचा एकही कपडा या चार पिशव्यांत नसतो. सर्वांचे कपडे काढले, मोजले, घड्या घातल्या, नानांची गोळी आठवणीने घेतली, आणि स्वतः काय, तर ‘मी बसते पिशव्यांपाशी’. पिशव्यांपाशी बसायला कुणीतरी लागतंच, असं यावर सगळे पाण्यातून ओरडून सांगतात. विहिरीच्या काळातही पोरं उड्या मारत आणि बायका काठावर धुणं धूत. फरशी निळी झाली, एवढीच प्रगती.

तरी आता पूर्ण बाह्यांचे, पायघोळ नायलॉन कॉश्च्युम मिळतात, आणि बऱ्याच टँकवर महिलांची वेगळी बॅच असते. तिची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारावी. वहिनींचा, मावशीचा, आईचा कॉश्च्युम दशम्यांच्याही आधी भरावा, आणि तो भरायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं. पिशव्या नाना सांभाळतील. खुर्ची त्यांच्याकडेच आहे.